बाखचा ‘क्रेडो’ कसा ऐकावा: सुरुवात मधून, कान खालच्या सुराला

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत विश्वासांगीकाराची, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीची, वेळ झाली की सगळी मंडळी उभी राहते. लहानपणापासून म्हणत आलेले शब्द तोंडातून आपोआप निघत राहतात आणि मिनिटभरात आपण ‘आमेन’पर्यंत पोचलेलो असतो. ‘वधस्तंभावर खिळला गेला’ हे शब्द आपण आत्ता उच्चारले की नाही, हेसुद्धा कधीकधी आठवत नाही. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखने श्रद्धेच्या अशाच एका कबुलीला अर्धा तास दिला. तो अर्धा तास नीट ऐकला, की रविवारचं ते एक मिनिट पहिल्यासारखं राहत नाही. निदान माझं राहिलेलं नाही.

अडचण अशी, की ही रचना पहिल्यापासून ऐकायला घेतली तर बरेच जण दहाव्या मिनिटाला सोडून देतात. पाच आवाज एकाच वेळी वेगवेगळं काहीतरी गात असतात आणि कुठल्या आवाजामागे जावं ते कळत नाही. आपले कान एका गाणाऱ्यावर सवयीने स्थिर झालेले असतात. तानपुरा मागे, तबला खाली आणि मधे एकच आवाज, अशी आपली बैठक. म्हणून माझा सल्ला दोन गोष्टींचा आहे. ही रचना मधून ऐकायला सुरुवात करा आणि वरची चाल न शोधता सगळ्यात खालचा सूर धरा. पुढचं सगळं या दोन गोष्टी कशा करायच्या त्याबद्दल आहे.

आधी थोडी ओळख

‘क्रेडो’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी विश्वास ठेवतो’. कबुली या शब्दाने सुरू होते म्हणून तिचं नावही तेच पडलं. बाखने घेतलेला मजकूर नायसियाच्या परंपरेतला आहे. इ. स. ३२५ मध्ये नायसिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेत त्याचा पाया घातला गेला आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी त्याचं आज प्रचलित असलेलं रूप जोडलं जातं. आपल्याकडे रविवारी बऱ्याच ठिकाणी म्हटला जातो तो प्रेषितांचा विश्वासांगीकार याहून आटोपशीर आहे, पण वाट तीच: पिता, पुत्र, पवित्र आत्मा, मंडळी, मृतांचं पुनरुत्थान.

बाखची ही रचना त्याच्या ‘बी मायनर मास’ या मोठ्या कृतीचा दुसरा भाग. मास म्हणजे उपासनेतल्या ठरलेल्या लॅटिन प्रार्थनांवर बांधलेली संगीतरचना. हस्तलिखितात त्याने त्याला ‘सिम्बोलुम निसेनुम’ असं नाव दिलं आहे. मासचा पहिला भाग, किरिये आणि ग्लोरिया, १७३३ चा. सांक्तुस तर त्याही आधीचा, १७२४ च्या नाताळचा. क्रेडो मात्र अगदी शेवटी, १७४८-४९ च्या सुमारास झाला. तेव्हा बाख लाइप्सिकमध्ये पंचवीसएक वर्षं काम करत होता, प्रकृती ढासळत चालली होती आणि त्या पानांवरचं अक्षर थरथरलेलं दिसतं. २८ जुलै १७५० ला तो गेला. संपूर्ण मास त्याच्या हयातीत सादर झाल्याची नोंद नाही. हा क्रेडो लोकांसमोर आणला त्याच्या मुलाने, कार्ल फिलिप एमानुएल बाखने, १७८६ मध्ये हांबुर्कला, धर्मादाय कार्यक्रमात.

तयारी: हेडफोन, कागद आणि पेटी

पहिली गोष्ट हेडफोनची. मोबाइलच्या स्पीकरवर ही रचना ऐकूच नका. त्यातून खालचे सूर जवळजवळ येत नाहीत आणि इथे सगळी मदार खालच्या सुरावर आहे. मी पहिल्यांदा फोन टेबलावर ठेवून ऐकलं होतं आणि ज्या भागाबद्दल आता लिहिणार आहे, त्यातला पायाच मला ऐकू आला नव्हता. साधे कानात घालायचे हेडफोन चालतील.

दुसरी गोष्ट, कोणतं ध्वनिमुद्रण घ्यायचं. मोठा गायकवृंद आणि भारदस्त, सावकाश चाल हवी असेल तर कार्ल रिश्टरचं १९६१ चं म्युनिकचं ध्वनिमुद्रण आहे. जॉन एलियट गार्डिनरचं १९८५ चं जुन्या वाद्यांवरचं आहे, चपळ आणि लख्ख. पण नव्याने ऐकणाऱ्याला मी आधी जोशुआ रिफकिनचं १९८२ चं सुचवतो. त्यात प्रत्येक आवाजाच्या ओळीला साधारण एकच गायक आहे. त्यामुळे धागे मोकळे मोकळे ऐकू येतात, कोण कधी आत आलं ते बोट ठेवून सांगता येतं. बघत बघत ऐकायचं असेल तर नेदरलँड्स बाख सोसायटीने पूर्ण मासचं चित्रीकरण इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे. गायकाने श्वास घेतलेला दिसला की पुढचा प्रवेश कानाला आधीच कळतो, हा त्याचा मोठा फायदा.

तिसरी गोष्ट, कागद. नऊ भागांची नावं एकाखाली एक लिहून घ्या: क्रेडो इन ऊनुम देउम, पात्रेम ओम्निपोतेन्तेम, एत इन ऊनुम दोमिनुम, एत इन्कार्नातुस एस्त, क्रुसिफिक्सुस, एत रेसुरेक्सित, एत इन स्पिरितुम सांक्तुम, कोन्फितेओर, एत एक्सपेक्तो. पाचव्याभोवती गोल काढा. उच्चारांनी गोंधळू नका. जर्मन वळणाचे गायक ‘क्रुत्सिफिक्सुस’ म्हणतात, इटालियन वळणाचे ‘क्रुचिफिक्सुस’, दोन्ही बरोबर.

आणि पेटी. घरात हार्मोनियम असेल तर काढा. नसेल तर फोनवरचा कीबोर्डही चालेल, पण भात्याची पेटी असली तर उत्तम, कारण सूर धरून ठेवता येतो.

पहिली संध्याकाळ: फक्त पाचवा भाग

पेटीवर हे सहा सूर वाजवा: पांढरी तीन, काळी दोन, पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक आणि खालची पांढरी सात. पांढरी तीनला तार षड्ज मानलं तर हे झालं सां, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत असे एकापाठोपाठ एक सरळ उतरताना आपल्या रागसंगीतात सहसा ऐकू येत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा कानाला खटकेल. खटकू द्या. सावकाश, प्रत्येक सूर दोन-तीनदा दाबत उतरा आणि पंचमावर आलात की पुन्हा वर जाऊन तेच करा. दहा वेळा. हात थकल्यासारखे होतात, पण मनात ती उतरण बसते. त्या काळच्या युरोपात ही उतरण शोकाची खूण मानली जायची. ऐकणाऱ्याला कोणी समजावून सांगावं लागत नसे.

‘क्रुसिफिक्सुस’ याच सहा सुरांवर उभा आहे. चार मात्राखंडांचं एक आवर्तन, त्यात प्रत्येकी सहा ठोके, म्हणजे चोवीस ठोक्यांत एक उतरण पुरी होते आणि लगेच दुसरी सुरू. अशी तेरा आवर्तनं. चेलो, डबल बास आणि ऑर्गन मिळून हे वाजवतात आणि कधी थांबत नाहीत. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो ना, तसंच आहे हे: लेहरा बदलत नाही, म्हणून वर काय बदलतंय ते कळतं.

आता हेडफोन लावा, डोळे मिटा आणि फक्त आवर्तनं मोजा. पहिल्या ऐकण्यात गाण्याकडे लक्ष देऊ नका. पहिलं आवर्तन नुसत्या वाद्यांचं आहे. दुसऱ्यापासून आवाज एकेक करून, उंचाकडून खोलाकडे, येतात: सोप्रानो आणि आल्टो (उंच पट्टीचे दोन आवाज), मग टेनर आणि बास (पुरुषांचे, वरचा आणि खालचा). प्रत्येक जण एवढाच शब्द टाकतो, ‘क्रुसिफिक्सुस’, आणि खाली ओघळतो. वर बासऱ्या आणि व्हायोलिनं आळीपाळीने लहान लहान सूर देत असतात, एकमेकांना टाळत असल्यासारखे. तुम्ही मात्र बोटांवर मोजत राहा. बाराव्यापर्यंत आलात की सावध व्हा.

तेराव्या आवर्तनात बासऱ्या आणि व्हायोलिनं गप्प होतात. उरतात चार आवाज आणि खालचा तो सूर. शब्द आहेत ‘एत सेपुल्तुस एस्त’, आणि पुरला गेला. चारही आवाज आपापल्या तळाशी उतरतात, अगदी हळू. बारा वेळा एकाच ठिकाणी नेणारा रस्ता इथे शेवटच्या दोन-तीन पावलांत वळतो आणि सगळे जण पांढरी पाचच्या मेजर स्वरमेळावर, म्हणजे उजळ सुरांवर, येऊन थांबतात. थडग्याशी आल्यावर अंधाराऐवजी हा उजेड का? याचं उत्तर पुढच्या भागात आहे, पण आज पुढचा भाग लावू नका. तीनेक मिनिटांचा हाच तुकडा तीन-चार वेळा ऐका आणि झोपा.

मजकुरातली एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. या लॅटिन कबुलीत ‘मेला’ असा शब्दच नाही. ‘पंतय पिलाताच्या वेळी आमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला, दुःख भोगलं आणि पुरला गेला’, एवढंच. मरण शब्दांत नाही, तेरा उतरणींमध्ये आहे.

आणि हे संगीत बाखने तेव्हा नव्याने रचलेलं नव्हतं. १७१४ मध्ये, एकोणतीस वर्षांचा असताना, वायमारला त्याने एका कंतातेसाठी, म्हणजे उपासनेत गायच्या जर्मन रचनेसाठी, ते लिहिलं होतं. तिथे चार आवाज चार वेगवेगळे शब्द घेऊन येत: रडणं, विलाप, काळजी, भय. पस्तीस वर्षांनी त्याने ते जुने कागद काढले, चार दुःखांच्या जागी एकच शब्द बसवला, सुरुवातीला वाद्यांचं एक आवर्तन जोडलं, खालच्या लांब सुरांचे ठोके केले आणि तो शेवट नव्याने लिहिला. कंतातेतल्या त्या जुन्या रूपात हे वळण नाही. ते शेवटपर्यंत दुःखातच आहे. दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा, म्हातारपणी त्याला काय सांगायचं होतं ते शब्दांशिवाय कळतं.

दुसरी आणि तिसरी संध्याकाळ: आजूबाजूचे भाग

आता पाचवा आणि सहावा जोडून ऐका. एक सूचना: पाचव्याच्या शेवटी आवाज फार हळू होतो म्हणून हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. वाढवू नका. ‘एत रेसुरेक्सित’, तो पुन्हा उठला, याला कसलीही प्रस्तावना नाही. पाच आवाज, तीन ट्रम्पेट आणि ताशासारखे वाजणारे टिंपानी पहिल्याच क्षणी एकदम कोसळतात. मधल्या शांततेत ‘पुढचं गाणं’ असं करून घाईने बटण दाबू नका, ती दोन क्षणांची शांतता रचनेचाच भाग समजा. या भागात नंतर एका ठिकाणी बास आवाज एकटेच पुढे येतात आणि ‘जिवंतांचा व मृतांचा न्याय करायला तो पुन्हा येईल’ हे गातात. इथे खालचा सूर धरायची सवय कामाला येते, कारण त्या ओळी एकदम उंचावरून खोल जातात.

तिसऱ्या दिवशी चौथ्यापासून सुरुवात करा. ‘एत इन्कार्नातुस एस्त’, तो देहधारी झाला. हा भाग बाखने सगळं लिहून झाल्यावर वेगळ्या पानावर लिहून मधे घातला. आधी हे शब्द तिसऱ्या भागातल्या दोघांच्या गाण्यातच उरकले होते आणि सगळे मिळून आठ भाग होते. आठाला मध्य नसतो. हा एक भाग वेगळा काढल्यावर नऊ झाले आणि वधस्तंभ बरोबर मधे आला. आयुष्याच्या अगदी शेवटच्या रचनांपैकी ही एक आहे. व्हायोलिनं एक लहानसा तुकडा खाली झुकवत राहतात आणि तळाशी एकच सूर धडधडत असतो. ‘आणि तो मनुष्य झाला’ या शेवटच्या शब्दांपाशी तो वरचा तुकडा खालच्या सुरातही येतो. मग क्षणभर थांबणं, आणि क्रुसिफिक्सुसमध्ये तशीच धडधड पुन्हा. चौथा, पाचवा, सहावा: जन्म, मरण, उठणं. क्रेडोचा गाभा तुमच्या कानात बसला.

मग दोन्ही टोकं

पहिल्या भागात बाखने चर्चची शेकडो वर्षं जुनी ग्रेगोरियन चाल घेतली आहे, जिच्यात पुरोहित ‘क्रेडो इन ऊनुम देउम’ म्हणत आला. लांब लांब सुरांची ती ओळ टेनर पहिल्यांदा गातात, मग बास, आल्टो, दोन सोप्रानो. पाच झाले. आणखी दोनदा ती चाल वर ऐकू येते, पण तिथे शब्द नाहीत: ती दोन व्हायोलिनं आहेत. हे सातही प्रवेश कागदावर टिचक्या मारत मोजा. खाली चेलो आणि ऑर्गन एकसारखे चालत असतात, वारकऱ्याच्या पावलांसारखे, न थकता. शेवटाकडे बास तीच चाल दुप्पट लांबवून गातात. कान खाली असेल तरच हे सापडतं.

दुसऱ्या भागात ट्रम्पेट येतात आणि बास ‘सर्वसमर्थ पिता’ ही पुढची ओळ सुरू करतात तेव्हा बाकीचे अजून ‘क्रेडो’ असंच पुकारत असतात. याच्या शेवटी बाखने स्वतः ८४ हा आकडा, म्हणजे मात्राखंडांची संख्या, लिहून ठेवला आहे. त्यावरून सात आणि बाराच्या गुणाकाराचे बरेच अर्थ लावले गेलेत. मला त्यापेक्षा एका थकलेल्या माणसाने आपलं काम मोजून पाहिलं, हेच जास्त जवळचं वाटतं.

दुसरं टोक म्हणजे आठवा आणि नववा भाग, आणि इथे घाई करू नका. ‘कोन्फितेओर’मध्ये पाच आवाज आणि खालचा सूर, बाकी एकही वाद्य नाही. हस्तलिखितात इथे खाडाखोड भरपूर आहे, म्हणजे हा भाग जुन्या कागदांवरून उतरवलेला नाही, लिहिता लिहिता सुचलेला आहे. मध्यापुढे पुन्हा एक ग्रेगोरियन चाल बास आणि आल्टोत डोकं वर काढते, मग टेनर ती लांब सुरांत गातात. आणि मग लय अचानक मंदावते. शब्द येतात, ‘मी मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो’. सूर मात्र कुठे जायचं ते विसरल्यासारखे होतात. आधार सरकतो, षड्ज कुठे गेला ते कळेनासं होतं. पेटीवर साथ करायला बसलात तर बोटं कुठे ठेवावीत ते सुचणार नाही. इतक्या श्रद्धावान माणसाने मरणापुढची चाचपड लपवली नाही, म्हणून हा तुकडा मला संपूर्ण क्रेडोत सगळ्यात खरा वाटतो.

आणि त्यानंतर तेच शब्द, अगदी तेच, नवव्या भागात ट्रम्पेट आणि टिंपानी घेऊन उसळून येतात. एकच वाक्य दोनदा, एकदा अंधारात चाचपडत आणि एकदा पळत. दोन्हींच्या मधे रेकॉर्डिंग थांबवू नका.

तिसरा आणि सातवा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवले आहेत, कारण ते सोपे आहेत. तिसऱ्यात सोप्रानो आणि आल्टो एकमेकींच्या पाठोपाठ, जेमतेम एका ठोक्याच्या अंतराने, तीच ओळ गातात. वाद्यांत तोच तुकडा पहिल्याने तोडून वाजवला तर दुसरा मींड घेतल्यासारखा जोडून वाजवतो: पिता आणि पुत्र, तत्त्व एक, व्यक्ती दोन. सातवा बासचा एकट्याचा, डोलणारा, दोन ओबो दामोरेंच्या (ओबोच्या जातीच्या, मऊ आवाजाच्या फुंकवाद्यांच्या) सोबतीने. त्यातला ‘कातोलिकाम’ हा शब्द ऐकून चमकू नका. बाख लुथरन होता आणि त्या शब्दाचा अर्थ इथे ‘सार्वत्रिक मंडळी’ एवढाच.

आता एका बैठकीत सगळे नऊ. कागद समोर, फोन दुसऱ्या खोलीत.

गायचं असेल तर

चर्चमध्ये चार आवाजांचा गायकवृंद असेल तर पूर्ण क्रेडोचा विचार सध्या सोडा, क्रुसिफिक्सुस घ्या. चार आवाज पुरतात, ट्रम्पेट लागत नाहीत, आणि बासऱ्या-व्हायोलिनांचे सूर ऑर्गनवाल्याला उजव्या हातात घेता येतात. स्वरलिपी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळते. पहिल्या सरावात कोणालाच शब्द देऊ नका. सगळ्यांनी मिळून, सोप्रानोंनीसुद्धा, ती सहा सुरांची उतरण ‘ऊ’कारात गावी, सलग तेरा वेळा, पेटीच्या आधाराशिवाय. शेवटी पेटीवर पांढरी तीन दाबून बघा. पट्टी घसरलेली असणारच. अर्ध्या सुराची पायरी उतरताना गायक ती नेहमी थोडी मोठी टाकतो. ही पायरी लहान ठेवायला शिकण्यातच पहिले दोन सराव जाऊ द्या.

मग एकेक आवाज शब्दांसह बसवा, बाकीच्यांनी खालची उतरण धरायची. प्रत्येकाने पाया गायलेला असला की आपली ओळ त्यावर कुठे घासते ते त्याला आतून कळतं. ‘क्रुसिफिक्सुस’मधल्या शेवटच्या ‘स’वर चौघांनी एकत्र फिस्कारू नये, तो अगदी आखूड ठेवावा. आणि तेरावं आवर्तन आलं की ऑर्गनवाल्याने उजवा हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवावा. डावा चालू राहील.